घडीचा चाकू : लेखनवर्गांतील एक विसरलेलें हत्यार

आमच्या आजोबांचा चाकू दोन वर्षांपूर्वीं आमच्या हातून गेला. तो चोरीस गेला नाहीं कीं हरवला नाहीं. एका विमानतळावर तपासणीच्या मेजाशेजारीं ठेवलेल्या डब्यांत तो आम्हीं आमच्याच हातानें टाकला. दोष द्यावयाचा तर आमच्या विसराळूपणासच दिला पाहिजे. व्याख्यानाच्या कागदांखालीं, हातांतल्या पिशवीच्या तळाशीं, तो नेहमींप्रमाणें पडून होता. आणि नियम सर्वांस सारखाच असतो. तपासणीवरील तरुण मुलगी अदबीनें म्हणाली, "सर, हा आंत नेतां येणार नाहीं. बाहेर कोणी सोडायला आलं असेल तर त्यांच्याकडे देऊन या." सोडावयास कोणी आलें नव्हतें, आणि विमानाची वेळ होत आली होती. अडीच इंचांचें पातें, तेंही झिजून झिजून कडुलिंबाच्या पानासारखें निमुळतें झालेलें. मूठ शिंगाची आणि एका अंगास चिरलेली. जुन्या बाजारांत त्याचे कोणीं वीस रुपयेही दिले नसते. डब्यांत तो पडल्याचा आवाज मात्र आम्हांस अद्याप ऐकूं येतो.

त्या मेजाजवळ निषिद्ध वस्तूंचीं चित्रें लाविलेलीं होतीं. एकाच ओळींत पिस्तूल, कट्यार आणि घडीचा चाकू. प्रवासभर आम्ही त्या ओळीचाच विचार करीत होतों. ज्या चाकूनें आजोबांनीं उभ्या हयातींत बोरू, सुपारी, आंब्याची फोड आणि क्वचित् एखाद्याच्या पायांत रुतलेला कांटा यांवांचून दुसऱ्या कशास हात घातला नाहीं, तो पिस्तुलाच्या पंक्तीस जाऊन बसला कसा? हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. परंतु त्याचें उत्तर शोधूं गेल्यास मराठी माणसाच्या गेल्या दोन अडीचशें वर्षांच्या जीवनक्रमांतील पुष्कळ गोष्टी हातीं लागतात, असा आमचा अनुभव आहे.

शिवछत्रपतींच्या काळीं, राज्यकारभारांत रुळलेल्या फारसी व अरबी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठीं 'राजव्यवहारकोश' तयार झाला, हें वाचकांस ठाऊक आहेच. या कोशाचे दहा वर्ग आहेत : राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग आणि पण्यवर्ग. राज्य चालविण्यास काय काय लागतें याची ही यादीच म्हणावयाची. तींत शस्त्रांस जसा एक वर्ग आहे, तसाच लेखनासही स्वतंत्र वर्ग आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आमच्या पुढील निरूपणाचा भार याच प्रश्नावर आहे : घडीच्या चाकूस या दहांपैकीं कोणत्या वर्गांत बसवावें?

आधीं शब्दांकडे पाहूं. कापण्याच्या लहान साधनांसाठीं मराठींत निरनिराळ्या दिशांनीं शब्द आले. सुरी ही संस्कृत छुरिकेची लेक. चाकू हा तुर्कींतून फारसीच्या वाटेनें आलेला पाहुणा. आणि कलमतराश हा फारसी सामासिक शब्द, कलम तासणारा तो कलमतराश. हा शेवटचा शब्द आज कोणाच्या ओठीं राहिला नाहीं; परंतु चाकूचें पूर्वीं मुख्य काम काय होतें तें त्याच्या नांवांतच सांगितलेलें आहे. शिवाय आपल्या भाषेची एक खोड अशी कीं, 'हत्यार' या एकाच शब्दानें ती सुताराची पटाशी आणि शिपायाची तलवार या दोहोंची संभावना करते. बारामतीच्या अगदीं वेशीशीं असलेल्या जळोचीस आमचें मूळ घर. त्या घरांत तलवार कधींच नव्हती. खंडेनवमीच्या दिवशीं पाटावर विळा, कोयता, कुऱ्हाड, अडकित्ता आणि शेवटीं आजोबांचा चाकू अशीं हत्यारें मांडून त्यांस झेंडूचीं फुलें वाहत. शस्त्रपूजा ती हीच, असें आम्ही लहानपणीं समजत होतों, आणि आमच्या समजुतींत कांहीं चूक होती असें आजही वाटत नाहीं.

आजोबांकडे कुलकर्णीपण होतें. १९५० च्या कायद्यानें मुंबई राज्यांतील कुलकर्णी वतनें गेलीं. तेव्हां दप्तर सरकारजमा झालें, पण दप्तराबरोबर वावरणारा चाकू घरींच राहिला. आम्हां नातवंडांस वळण शिकविण्यासाठीं ते बोरू करून देत, तेवढेंच त्याचें जुनें काम उरलें होतें. बोरू कसा करितात हें आतां सांगावें लागतें, म्हणून सांगतों. वीतभर कांडी घ्यावयाची. तिचें एक टोंक लांब तिरपें छाटून आंतला मऊ गर खरवडून काढावयाचा. दोन्ही अंगें तासून जीभ निमुळती करावयाची. मग त्या जिभेच्या मध्यावर पात्याच्या टोंकानें एक बारीक उभी चीर द्यावयाची. शाई याच चिरेंतून उतरते. शेवटीं जीभ कठीण फळीवर टेकवून तिचें टोंक तिरपें उडवावयाचें. हा शेवटचा छाट एकाच दाबांत बसला पाहिजे. पातें बोथट असेल तर टोंकास कूस राहते, आणि कूस राहिली कीं अक्षराची कड फाटते. देवनागरीच्या वळणास या टोंकाचा उतार रोमन अक्षरांच्या लेखणीच्या उलट लागतो. म्हणजे विलायतेंतून तयार लेखणी आणून हें काम भागत नसे. लिहितां लिहितां टोंक झिजतें, म्हणून हा विधि एकदां करूनही संपत नाहीं. दिवसभर लिहिणाऱ्या कारकुनास तो पुनःपुन्हां करावा लागे, आणि त्यासाठीं चाकू हाताशीं असावा लागे.

पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे हजारों रुमाल आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतून वेंचे निवडून पंचेचाळीस खंड संपादिले. त्यापूर्वीं १८९८ सालीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला होता, आणि १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें होतें. या थोर पुरुषांनीं जे कागद आपणांपुढें ठेविले त्यांतील प्रत्येक अक्षराच्या आधीं चाकूचा एक छाट आहे. स्वाऱ्यांच्या बातम्या, वसुलाचे हिशेब, कर्जाचे रोखे, घरगुती क्षेमकुशलाचीं पत्रें, सारीं त्या छाटानंतरचीं. तलवारीनें मिळविलेला मुलूख बोरूनें राखला, असें आपण म्हणतों, आणि लिहिणाऱ्याची थट्टा करावयाची झाली कीं त्यास 'बोरूबहाद्दर' म्हणतों. स्तुति असो कीं थट्टा असो, बोरूची आठवण निघते. बोरू ज्यानें केला त्याची निघत नाहीं.

बारामतीच्या माणसास तर हें अधिकच जाणवलें पाहिजे. कऱ्हेच्या कांठीं, बाबूजी नाइकांच्या आश्रयास राहून, मोरोपंतांनीं आर्यांच्या राशी घातल्या त्या याच साधनांनीं. पंत १७२९ सालीं पन्हाळ्यास जन्मले आणि १७९४ सालीं बारामतीस वारले. एवढें प्रचंड लेखन करणाऱ्या हातांनीं किती बोरू झिजविले असतील, आणि किती वेळां ते पुन्हां तासले गेले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

योगायोग असा कीं, पंत वारले त्याच १७९४ सालीं मुंबईहून एक लहानसें गांठोडें विलायतेस गेलें. मुंबईस कंपनीच्या नोकरींत असलेले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनीं हिंदी पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. आपल्या दक्षिणेंत मुशींत तयार होणारें हें पोलाद तिकडे 'वुट्झ' या नांवानें प्रसिद्धीस आलें. १७९५ सालीं जॉर्ज पिअर्सन यांनीं त्यावर सोसायटीपुढें निबंध सादर केला. या परीक्षेच्या कामीं जेम्स स्टोडार्ट नांवाच्या कुशल कारागिरानें त्या पोलादाचा तुकडा भट्टींत घालून त्याचें एक हत्यार घडविलें. तलवारींसाठीं जगभर नांवाजलेल्या त्या पोलादाचें त्यानें काय घडविलें असेल? लेखणी तासण्याचा लहानसा चाकू! धार किती सूक्ष्म घेते आणि किती टिकते याची पारख लेखणीच्या चाकूइतकी दुसऱ्या कशांत होत नसावी, असें आम्हांस वाटतें. स्टोडार्टचें या पोलादावर पुढें इतकें मन बसलें कीं, आपलीं शस्त्रक्रियेचीं हत्यारें व वस्तरे हिंदी पोलादाचे असतात, हें तो आपल्या दुकानाच्या जाहिरातींत अभिमानानें सांगूं लागला. त्यानेंच नंतर मायकेल फॅरडे यांच्या बरोबर पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले; त्यांचे निबंध १८२० व १८२२ सालचे आहेत.

येथवर कथा आपल्या अभिमानाची आहे. पुढची तशी नाहीं. पोलाद इकडून नमुन्यादाखल गेलें आणि चाकू तिकडून पेट्या भरभरून आले. शेफील्ड शहरीं हा धंदा शतकानुशतकें चालत आला होता. तेथील जोसेफ रॉजर्स आणि सन्स या पेढीनें १८२२ सालीं आपलें कसब दाखविण्यासाठीं एकाच मुठींत १८२२ पातीं बसविलेला चाकू तयार केला. या पेढीचे चाकू, तारा आणि माल्टाचा क्रूस अशी दुहेरी खूण पात्याच्या बुडाशीं घेऊन, हिंदुस्थानांतही आले. आमच्या संग्रहांत असा एक आहे. खूण जेमतेम दिसते. मूठ हस्तिदंताची असून तीवर शाईचा डाग आहे, आणि तो डाग आम्हीं मुद्दाम पुसलेला नाहीं.

विलायती चाकू इतक्या लवकर आपलासा कां झाला? घडीची युक्ति कांहीं नवी नव्हती. ऑस्ट्रियांतील हालस्टाट येथें सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वींचा, हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू सांपडलेला आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयांत रोमन काळांतील चांदीचें एक साधन आहे. त्यांत चमचा, कांटा आणि पातें हीं सारीं एका मुठींत मिटतात. नवें होतें तें दुसरेंच. आमच्या मतें या प्रश्नाचें उत्तर शिंप्याकडे आहे. धोतरास खिसा नसतो. बाराबंदी आणि उपरणें यांत वस्तु ठेवावयाची ती कनवटीस, नाहीं तर चंचींत. कट्यार कमरेच्या शेल्यांत खोवीत, आणि लेखणीचा चाकू कलमदानांत राही. खिसा हा शब्द मुळीं पिशवीच्या अर्थानें आपल्याकडे आला; कोट आणि सदरा आल्यावर ती पिशवी अंगरख्यास शिवली गेली. आंगठ्याएवढ्या जागेंत मिटून राहणारें, उघडें नसतांना कोणास न लागणारें पातें हें त्या नव्या पिशवीचें स्वाभाविक रहिवासी ठरलें. खिशांतलें घड्याळ, खिशांतलें टांचण आणि खिशांतला चाकू हीं तिन्ही एकाच पिढीचीं भावंडें होत.

या चाकूची रचना साधी आणि अतिशय सुबक असते. मुठीच्या दोन फळ्यांमध्यें पाठीच्या बाजूस पोलादाची एक कमान असते. पात्याचें बूड चौकोनी घासलेलें असतें. पातें उघडलें कीं त्या बुडावर कमान येऊन दाबते आणि पातें ताठ राहतें. मिटलें कीं तीच कमान त्यास आंत धरून ठेवते. खटका नाहीं, कळ नाहीं. नखानें उघडण्यासाठीं पात्यावर एक चंद्राकार खाच, एवढेंच. चांगल्या चाकूची कमान उघडतां मिटतां एकसारखा आवाज देते. संग्रह करणारे लोक पात्याकडे पाहण्याआधीं कान देतात तो यासाठींच. फ्रान्सांतील सव्हॉय प्रांतीं जोसेफ ओपिनेल यानें १८९० च्या सुमारास कमानही वगळून लांकडी मुठीचा शेतकऱ्याचा चाकू केला, आणि स्वित्झर्लंडांत कार्ल एल्सेनर यानें १८९७ सालीं पातें, बूच काढण्याचा मळसूत्री कांटा वगैरे अनेक साधनें एका मुठींत घालून अधिकाऱ्यांचा चाकू नोंदविला. हे दोन्ही चाकू आज जगभर ओळखले जातात. त्या त्या देशाचे लोक त्यांजकडे आपल्या रोजच्या जीवनाची खूण म्हणून पाहतात, हें ध्यानीं घ्यावें.

आपल्याकडे काय झालें? पोलादी टांकांचीं निबें आलीं आणि बोरू कचेरींतून शाळेंत गेला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळेंतूनही गेली. चाकू कांहीं काळ पेन्सिलीस टोंक करीत राहिला. मग टोंक करण्याचें दोन पैशांचें यंत्र आलें. लेखनवर्गांतून असा निघालेला चाकू भोग्यवर्गांत शिरला. प्रवासांत पेरू कापणें, कांदा चिरणें, पानाचे देंठ खुडणें, पार्सलाची दोरी तोडणें, हीं त्याचीं नवीं कामें. आगगाडीच्या डब्यांत पूर्वीं फळ निघालें कीं "कोणाजवळ चाकू आहे का हो?" असा प्रश्न हटकून येई आणि दोन तीन हात पुढें होत, हें आमच्या वयाच्या वाचकांस आठवेल. घरांतली रीत अशी कीं, चाकू हातांतून हातांत द्यावयाचा नाहीं, भांडण होतें. खालीं ठेवावयाचा, मग दुसऱ्यानें उचलावयाचा. समजूत भाबडी खरी, पण तिच्या पोटीं सावधपणा आहे. लग्नांत नवरदेवाच्या हातीं लिंबू टोंचलेली कट्यार देतात, आणि कट्यार न मिळाल्यास चाकूवर काम भागवितात. अशा वेळीं घटकाभर त्यास शस्त्राचा मान मिळतो.

हत्यारांस जपणाऱ्यांचीही तीच गत झाली. शिकलगार म्हणजे मुळांत तलवारीस शिकल, म्हणजे झिलई, करणारा. १८१८ सालीं मराठी राज्य गेलें, फौजा मोडल्या, आणि तलवारींस झिलई करून घेणारें कोणी उरलें नाहीं. तेव्हां हे लोक विळ्या, कात्र्या, अडकित्ते आणि चाकू यांस धार लावीत गांवोगांव फिरूं लागले. खांद्यावरची ती चाक फिरविण्याची सहाण, पायानें दाबलेली पट्टी आणि उडणाऱ्या ठिणग्या आम्हीं जळोचीच्या पारावर पाहिल्या आहेत. आजोबा इतर हत्यारें त्याच्याकडे देत, पण चाकू देत नसत. "चाकावर पातें तापतं आणि त्याचं पाणी उतरतं," असें म्हणून ते त्यास घरींच दगडावर तेल घालून लावीत. ही गोष्ट शास्त्रशुद्ध आहे, हें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं पुस्तकांतून कळलें.

आतां शस्त्रवर्गाकडे वळूं. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें इंग्रज सरकारनें सारा देश निःशस्त्र केला, आणि त्याविरुद्ध राष्ट्रीय सभेनें प्रारंभींच्याच अधिवेशनांत ठराव केले. त्या कायद्यांतील शस्त्रांच्या यादींत बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, धनुष्यबाण आणि तोफा आहेत. चाकूचें नांव नाहीं. इतकें संशयी सरकार, परंतु कारकुनाच्या खिशास त्यानें हात लाविला नाहीं. स्वतंत्र हिंदुस्थानाचा कायदा १९५९ सालचा. त्याखालील १९६२ च्या नियमांनीं चाकूस यादींत घेतलें, पण नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या चाकूसच; आणि घरगुती, शेतकीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामाचीं हत्यारें त्यांतून वगळलीं. ही वांटणी आम्हांस शहाणपणाची वाटते, कारण ती लांबीबरोबर कामही विचारते. मुंबई राज्याच्या १९५१ च्या पोलीस कायद्यांतील सदतिसाव्या कलमानें मात्र, शांतताभंगाचा संभव असेल तेव्हां, चाकू, काठ्या व लाठ्या बाळगण्यास कांहीं मुदतीपुरती मनाई करण्याचा अधिकार अधिकाऱ्यांस दिला आहे. म्हाताऱ्याची काठी आणि आजोबांचा चाकू तेथें एकाच वाक्यांत येतात. विलायतेंत तर १९८८ च्या कायद्याप्रमाणें, तीन इंचांच्या आंतील धारेचा साधा घडीचा चाकूच काय तो सबबीवांचून बाहेर बाळगतां येतो; आणि शेफील्ड त्याच देशांत आहे.

या निर्बंधांविरुद्ध तक्रार करण्याचा आमचा हेतु नाहीं. चाकूनें माणसें मेलीं आहेत, आजही मरतात; वर्तमानपत्र उघडणाऱ्यास हें सांगावयास नको. ज्या घरचा मुलगा असा गेला त्या घरीं चाकूच्या सुबक कमानीचें कौतुक करण्यास आम्ही धजणार नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, आपल्या मनांत चाकूचें जें चित्र आज उरलें आहे तें फार तोकडें आहे. उत्तर प्रदेशांतील रामपूरचा खटक्याचा लांब चाकू हिंदी बोलपटांनीं १९६० नंतरच्या वीस पंचवीस वर्षांत प्रत्येक दुष्टाच्या हातीं दिला. पातें उघडल्याचा तो 'खट्ट' असा आवाज पडद्यावरून घराघरांत शिरला, आणि आजोबांच्या चाकूचा हळू आवाज त्याखालीं बुडाला. रामपुरानें मार्च २०२३ मध्यें चौकांत वीस फूट उंचीचा चाकू उभारून आपल्या कारागिरांचा गौरव केला. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. पण लेखणीच्या चाकूस असा चौक कोठेंच नाहीं.

संग्रहालयांची वृत्तीही बरीचशी अशीच. जुलै २०२४ मध्यें लंडनच्या संग्रहालयांतून आलेलीं वाघनखें साताऱ्यास पाहावयास लोकांची रीघ लागली. तें योग्यच होतें. परंतु ज्या राज्याच्या कोशांत लेखनवर्ग स्वतंत्र होता, त्या राज्याच्या लेखकांचीं हत्यारें पाहावयास आपण कोठें जावें? या बाबतींत पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांची आठवण कृतज्ञतेनें केली पाहिजे. १८९६ सालीं जन्मलेला आणि 'अज्ञातवासी' या नांवानें कविता करणारा हा गृहस्थ दिवे, अडकित्ते, दौती, भांडीं, दरवाजे, अशा घरगुती वस्तु गांवोगांव हिंडून गोळा करीत राहिला. अल्पवयांत गेलेल्या मुलाच्या नांवानें त्यांनीं 'राजा केळकर संग्रहालय' उभें केलें, आणि १९७५ सालीं सुमारें वीस हजार वस्तूंचा तो संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. सुपारी कातरण्याच्या साध्या कामासाठीं कारागिरानें अडकित्त्यास मोराचा, घोड्याचा, माणसाचा आकार कां द्यावा, हा प्रश्न त्या दालनांत उभें राहिल्यावांचून सुचत नाहीं. माणूस रोज जी वस्तु हातांत धरतो तीवरच त्याचें प्रेम बसतें, हें त्याचें उत्तर. राजांच्या तलवारी जपण्यास राजे होते. अडकित्ता जपण्यास केळकरच हवे होते.

आमचा संग्रह त्यापुढें कांहींच नव्हे. पुण्याच्या जुन्या बाजारांत बुधवारीं व रविवारीं हिंडून, तर कधीं मुंबईच्या चोर बाजारांतून, तीस वर्षांत तेवीस चाकू मिळाले. एकाचें पातें मोडलेलें, एकाची कमान मेलेली, पुष्कळांच्या मुठी बदललेल्या. त्यांपैकीं कोणता कोणाचा, त्यानें काय कापलें, हें एकाचेंही सांगतां येत नाहीं. विकणाऱ्यास तें ठाऊक नसतें आणि तो रद्दीबरोबर किलोवर घेतो. मालकाचें नांव, गांव आणि काम ज्याचें आम्हांस ठाऊक होतें, असा चाकू आमच्याजवळ एकच होता. आणि तोच आम्हीं डब्यांत टाकला. तेवीस मुके चाकू जपून एक बोलका घालविला, ही गोष्ट मनास लागून राहिली आहे.

गेल्या पावसाळ्यांत जळोचीस गेलों असतां, शेजारच्या डाळिंबाच्या बागेंत एक माणूस गुटी बांधीत होता. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर त्यानें चाकूनें दोन वेढे दिले, मधली बोटभर रुंदीची साल अंगठी काढावी तशी उतरविली, औषध लावून वर ओलें शेवाळ गुंडाळलें आणि प्लॅस्टिकच्या कागदानें घट्ट बांधून टाकलें. महिना दीड महिन्यांत तेथें मुळ्या फुटतात आणि फांदीचें नवें झाड होतें. आम्ही पाहत उभे राहिलों तेव्हां तो हात न थांबवितां म्हणाला, "सर, समदं धारेवर हाय बघा. धार गेली की साल फाटतीया, आन् मग मुळ्या फुटत न्हाईत." द्राक्षाच्या बागांतही असेंच. खारवट पाण्यास दाद न देणाऱ्या डॉगरीज जातीच्या खुंटावर पाचर मारून द्राक्षाची काडी बसवितात, तेथें छाट एका दाबांत व सपाट यावा लागतो; कूस राहिली कीं कलम धरत नाहीं. आजोबांनीं बोरूविषयीं आम्हांस शिकविलेलें वाक्य तें हेंच. लेखणीस आपण कलम म्हणतों आणि झाडाच्या या जोडणीसही कलमच म्हणतों. म्हणजे कलमतराश मेलेला नाहीं. तो कचेरींतून बागेंत गेला आहे.

तेव्हां पहिल्या प्रश्नास आमचें उत्तर असें : घडीचा चाकू जन्मानें लेखनवर्गांतला, वाढला भोग्यवर्गांत, आणि आज त्याचें पोट जनपदवर्गांत, म्हणजे गांवाच्या शेतामळ्यांत, भरतें. शस्त्रवर्गांत त्यास माणसाच्या रागानें नेलें, आणि बाहेर गांवांत आतां तेथीलच ओळख त्यास चिकटली आहे. इतिहास लिहितांना आपणही तलवारींच्या मागें इतके गेलों कीं ही ओळख पुसण्याचें काम कोणीं केलें नाहीं.

वाचकांस आमची एक विनंति आहे. आपल्या घरच्या जुन्या पेटींत, देवघराच्या खणांत किंवा शिवणाच्या डब्यांत असा एखादा चाकू असण्याचा पुष्कळ संभव आहे. तो विकूं नये आणि घासून लखलखीतही करूं नये. लिंबा कांद्यानें पात्यावर चढलेला काळेपणा हीच त्याची बखर आहे. एका चिठ्ठीवर तो कोणाचा, कोणत्या गांवचा, त्यानें काय काय कापलें, एवढें लिहून ती त्यास दोऱ्यानें बांधून ठेवावी. घरांत ऐंशी नव्वदीची माणसें असतील तर हें काम आजच करावें. यंदाच्या खंडेनवमीस आम्हीं पाटावर त्या तेवीसांतला हस्तिदंती मुठीचा चाकू ठेवला, त्याच्याशेजारीं एक बोरू ठेवला, आणि आजोबांच्या चाकूची चिठ्ठी मात्र चाकूवांचूनच लिहून ठेवली. त्या चाकूचें नुसतें वर्णन, त्याची लांबी, चिरलेली मूठ आणि आजोबांचें नांव, एवढेंच तींत आहे.